सावलीत काळी, उन्हात जांभळी

चमकीचा रंग मारून झालेली बुलेटची पेट्रोलची टाकी मी आधी सावलीत बघते. शेडच्या मागच्या बाजूला, जिथे दिवसभर ऊन येत नाही, तिथे स्टुलावर ठेवायची आणि चार पावलं मागे जायचं. तिथे ती साधी दिसली पाहिजे. खोल, स्वच्छ, एकसारखी, पण साधी. सावलीतसुद्धा जी टाकी डोळे दिपवते तिच्याकडे उन्हात गेल्यावर दाखवायला काही उरत नाही. गिऱ्हाइकाला हे पटवणं हे रंग मारण्याइतकंच मोठं काम आहे, कारण येणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘ताई, चमकी जरा जास्तच टाका’ असं म्हणतच आत येतो.

मी नाशिकच्या द्वारकेजवळच्या एका रंगाच्या दुकानात मिक्सिंग काउंटरवर बसते. दिवसभर कोड बघून रंगाच्या शेड काढायच्या, डेंटिंग-पेंटिंगवाले बंपरचा नाहीतर पेट्रोलच्या झाकणाचा तुकडा घेऊन येतात त्याला रंग जुळवून द्यायचा. संध्याकाळी आणि रविवारी मात्र मी अंबडला उस्तादांच्या शेडमध्ये असते. उस्ताद जुन्या नाशकातले. पत्र्यावरून तळहात फिरवून पोचे भरायची लांबी कुठे चढली आहे ते न बघता सांगतात. बुलेटच्या टाक्या, जुन्या जीपची बोनेटं, क्वचित एखादी अख्खी गाडी, असं हौसेच्या रंगाचं काम आम्ही तिथे करतो. शेड त्यांची, हात त्यांचा, रंगाचं गणित माझं.

हल्ली पोरं मोबाइलवर फोटो घेऊन येतात आणि ‘अस्साच पाहिजे’ म्हणतात. फोटोतल्या चमकीवर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. रंगातला चमकीचा प्रत्येक कण हा एक चिमुकला आरसा असतो. सूर्य, कण आणि डोळा यांचा कोन जुळला की तो लखकन पेटतो, कोन मोडला की विझतो. आपले दोन डोळे दोन वेगळ्या जागी आहेत, त्यामुळे डाव्या डोळ्याला पेटलेले दिसणारे कण आणि उजव्याला पेटलेले दिसणारे कण एकच नसतात. मेंदू ही दोन चित्रं एकावर एक बसवायला बघतो, ती बसत नाहीत, आणि त्या न बसण्यातूनच रंगाच्या आत काहीतरी खोल आहे असं वाटायला लागतं. कॅमेऱ्याला डोळा एकच. शिवाय आपण चालतो, मान वळवतो, तसे हजारो कण पेटत-विझत राहतात, आणि फोटोत मात्र त्यांचे नुसते पांढरे ठिपके होतात. म्हणून कुणी फोटो पुढे केला की मी नमुन्याचा पत्रा त्याच्या हातात देते आणि दारात उन्हात पाठवते. आधी एक डोळा मिटून बघ, मग दोन्ही उघडून बघ. एवढं केलं की फोटोचा विषय संपतो.

थेट ऊन आणि ढगाळ उजेड यांत तर हा रंग दोन वेगळ्या वस्तू असल्यासारखा वागतो. ऊन एका ठिकाणाहून येतं, म्हणून कण सुटे सुटे चमकतात. ढगाळ दिवशी प्रकाश सगळ्या आभाळातून येतो, कुठलाच कण वेगळा उठून दिसत नाही, फक्त पृष्ठभाग जरासा रवाळ वाटतो. मोठ्या कारखान्यांत रंग तपासायची जी यंत्रं असतात तीसुद्धा थेट प्रकाशातली चमक आणि पसरलेल्या प्रकाशातला रवाळपणा या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात, आणि मूळ रंग पाच-सहा कोनांतून बघतात. आमच्याकडे यंत्र नाही. दिवसा दारातलं ऊन आणि रात्री मोबाइलची टॉर्च यांवर आम्ही काम भागवतो. पण जुलैत टाकी नेणाऱ्याला मी स्पष्ट सांगते की तुझा रंग तुला खऱ्या अर्थाने दसऱ्याच्या आसपास दिसेल, तोवर धीर धर.

लोक ज्याला सरसकट चमकी म्हणतात त्यात फार वेगवेगळा माल येतो. कंपनीतून येणाऱ्या चंदेरी गाडीत अॅल्युमिनियमचे चपटे कण असतात. रुंदी साधारण १० ते ३० मायक्रॉन, जाडी एका मायक्रॉनपेक्षाही कमी. ते थरात आडवे पडले की समोरून रंग उजळ दिसतो आणि तिरप्या नजरेने गडद. ते किती आडवे पडतील हे पेंटरच्या हातावर ठरतं. रंगाचा हात ओला गेला तर कण आत बुडतात, वाकडेतिकडे होतात आणि शेड गडद येते. फवाऱ्याची गन लांबून धरून सुका हात दिला तर ते वर राहतात आणि शेड उजळते. एकाच डब्यातला रंग दोन पेंटरनी मारला तर दोन शेड दिसू शकतात त्या यामुळे. काउंटरवर माझ्याशी भांडायला येणाऱ्या कित्येकांना मी हे समजावलं आहे: डबा तोच आहे, हात वेगळा आहे.

ज्याला हौशी लोक फ्लेक म्हणतात तो याच्या कितीतरी पट मोठा. पॉलिस्टरच्या फिल्मवर निर्वात पेटीत अॅल्युमिनियमचा थर चढवतात, त्यावर रंगाचा पारदर्शक थर देतात, आणि मग ती फिल्म बारीक षटकोनांत कापतात. मापं इंचाच्या हजाराव्या भागात चालतात. चार म्हणजे १०० मायक्रॉन, आठ म्हणजे २०० आणि पंधरा म्हणजे ३७५ च्या आसपास. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, १९५० आणि १९६० च्या दशकांत जुन्या मोटारी घरी बदलून रंगवणाऱ्या पोरांनी ही शैली वाढवली. कँडी अॅपल रेड नावाचा जो लाल रंग जगभर गेला त्याचं श्रेय तिथल्याच जो बेलॉन या कारागिराला देतात. कँडी म्हणजे चंदेरी किंवा सोनेरी तळावर रंगीत पण आरपार दिसणारे हात, एकावर एक. प्रत्येक हाताबरोबर रंग गडद होत जातो, आणि प्रकाश तळापर्यंत जाऊन परत येतो म्हणून तो आतून उजळल्यासारखा वाटतो.

मला स्वतःला सगळ्यात ओढ आहे ती पर्लची. मोत्याची झाक आणण्यासाठी पूर्वी माशांच्या खवल्यांतून काढलेला अर्क वापरत. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या एका माळा बनवणाऱ्याने त्यापासून खोटे मोती केले, आणि पुढे मोटारींच्या लॅकरमध्येही तो अर्क गेला. आता पर्ल म्हणजे मुख्यतः अभ्रक. अभ्रकाच्या अतिशय पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवलेला असतो, त्याची जाडी मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या घरात. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग एकमेकांना खोडतात, काही वाढवतात. थर सर्वांत पातळ असेल तर चंदेरी झाक मिळते, आणि जाडी वाढवत नेली की सोनेरी, तांबडी, निळी, हिरवी. म्हणजे हातातली निळी पावडर खरं तर निळी नाहीच. तिच्यात निळं असं काही नसतं, जाडी असते. मी काउंटरवर इतकी वर्षं हे डबे उघडते आहे, तरी या गोष्टीचं मला अजून अप्रूप आहे.

माझ्या आईची एक धूपछाव पैठणी आहे, येवल्याची. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. घडी हातात धरून मनगट वळवलं की पदराजवळचा निळा हळूच जांभळ्यात उतरतो. पर्लचा रंग शिकताना मी ती साडी गच्चीवर नेऊन बघत बसायचे, कारण मला जो बदल टाकीवर हवा होता तो तिथे होता: झटका न देता सरकणारा, दोन्ही रंग एकाच वेळी शाबूत ठेवणारा. येवल्याच्या विणकराला निळा कुठे संपतो हे दाखवायची घाई नसते. टाकीच्या गोलाईवर पर्ल बरोबर बसला की हेच होतं, आणि यासाठी फार माल लागत नाही. लिटरभर क्लिअरला, म्हणजे वरून मारायच्या पारदर्शक लेपाला, २५ ग्रॅम पर्ल ही नेहमीची मात्रा, आम्ही बहुतेकदा त्याच्याही खाली राहतो.

गेल्या द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव बसवंतकडून एक बागाईतदार आले. बुलेटची टाकी गोणपाटात गुंडाळून आणली होती. दुसऱ्या हातात कागदी पिशवी, त्यात जंबो जातीच्या काळ्या द्राक्षांचा एक घड. त्यांनी एक मणी तोडला, शर्टाला पुसला आणि दारात जाऊन सूर्याकडे धरला.

"ताई, हे बघा. आता काळा दिसतो का?"

काळा नव्हता. कडेला दाट जांभळा, मधे जिथून ऊन आरपार येत होतं तिथे वाइनसारखा तांबूस, आणि ज्या बाजूवर ऊन पडत होतं तिथे निळसर झाक.

"आता सावलीत या." आत आल्यावर मणी परत काळा. "असं पाहिजे. लोकांना काळीच गाडी वाटली पाहिजे. उन्हात गेल्यावर कळलं पाहिजे कुणाची आहे ती."

उस्तादांनी तो मणी घेतला, बोटांत फिरवला, आणि म्हणाले, "बेटा, हे काम माझ्या हाताचं नंतर आहे, आधी तुझ्या डोक्याचं आहे." मग मणी तोंडात टाकला.

एवढी नेमकी मागणी घेऊन येणारं गिऱ्हाईक फार क्वचित भेटतं, आणि त्या टाकीवर माझा अजून जीव आहे. आम्ही भंगारातल्या मडगार्डचे तुकडे घासून, प्रायमर मारून नमुने करायला घेतले. नुसत्या काळ्यावर निळा-जांभळा पर्ल दिला तर निळी झाक सुंदर आली, कारण काळा तळ बाकीचा प्रकाश गिळून टाकतो आणि पर्लचा परतणारा रंग तेवढा शिल्लक राहतो. हाच पर्ल पांढऱ्यावर मारला तर जवळजवळ दिसत नाही. पण त्या पत्र्यात तांबूसपणा नव्हता, मणी थंड वाटत होता. गडद चंदेरीवर जांभळा कँडी दिला तर उलट झालं. उन्हात अप्रतिम, पण सावलीतही जांभळाच. तो पत्रा गिऱ्हाइकाने उचलला आणि लगेच खाली ठेवला. शेवटी जमलं ते असं: काळा तळ, त्यावर क्लिअरमध्ये कालवलेल्या निळ्या-जांभळ्या पर्लचे पातळ हात, त्यातच नखाएवढा तांबडा पर्ल, आणि त्या सगळ्यावर आरपार दिसणाऱ्या वाइनसारख्या तांबड्या रंगाचा एकच हलका हात. या शेवटच्या हातामुळे सावलीत काळा आणखी दाट झाला, आणि उन्हात निळ्याखालून तांबूस वर यायला लागला.

उस्तादांना पर्लचा हात मारताना बघणं हा वेगळाच अनुभव असतो. १.३ मिलीमीटरचं नोझल, गन पत्र्यापासून वीतभर लांब, आणि मनगट अजिबात वळत नाही. पूर्ण हात खांद्यातून सरकतो, टाकीच्या बाहेर जाऊन थांबतो, तिथे ट्रिगर सुटतो आणि परतताना बाहेरच दाबला जातो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्याहून जास्त भागावर येतो. मनगट वळलं की मधे दाट, कडेला विरळ होतं आणि ढग उठतात. सगळ्यात शेवटी ते गन जवळजवळ दुप्पट लांब नेतात, दाब कमी करतात आणि धुक्यासारखा एक हात सगळ्यावरून फिरवतात. ढग उठायला लागले असतील तर या हातात मिटतात. त्या वेळी ते कुणाशी बोलत नाहीत, आणि शेडमधला पंखाही बंद असतो.

फ्लेकचं काम याच्या अगदी उलट आहे, तिथे अंगमेहनत जास्त. कंपनीच्या गाडीवरचा क्लिअरचा थर ४०-५० मायक्रॉनचा असतो आणि आपला फ्लेक २०० मायक्रॉन रुंद. तो थोडा जरी उभा राहिला तरी क्लिअरच्या बाहेर डोकावणार. म्हणून फ्लेक मारून झालेली टाकी हाताला अक्षरशः पॉलिश पेपरसारखी लागते आणि नवीन माणूस घाबरतो. मग क्लिअरचे हात सुरू होतात. दोन-तीन हात, वाळवण, ६०० च्या पेपरने पाणी मारत घासणं, परत हात, परत घासणं, असं करत फ्लेक पूर्ण गाडला जाईपर्यंत. घासताना पेपर फ्लेकला लागला तर त्याच्यावरचा रंगीत थर निघतो आणि खालचं चंदेरी अॅल्युमिनियम उघडं पडतं. लाल टाकीवर तेवढाच एक पांढरा ठिपका राहतो, तो कशानेच जात नाही. शेवटी १५००, २०००, ३००० चे पेपर आणि कंपाउंड. तेव्हा कुठे वरून काच आणि आत खोल चमक असं दिसतं.

फ्लेकसाठी गन वेगळीच ठेवावी लागते. नोझल १.८ किंवा २ चं, आतली जाळी काढून टाकलेली, आणि कपमध्ये स्टीलच्या स्वच्छ गोळ्या, म्हणजे हात हलेल तशा त्या खडखडतील आणि फ्लेक तळाशी बसणार नाही. तळाचा रंग फ्लेकच्याच रंगाचा घ्यायचा, सोनेरी फ्लेकखाली सोनेरी, म्हणजे कमी माल पुरतो आणि मोकळ्या जागा दिसत नाहीत. फ्लेक मारल्यावर शेड धुऊन काढली तरी दोन-तीन कण कुठेतरी राहतातच. कोरड्या हवेत ते स्थिर विजेने मास्किंगच्या कागदाला, कपड्यांना, भिंतीला चिकटून बसतात. दुसऱ्या दिवशी कुणाच्या पांढऱ्या दरवाजावर एक लाल कण उतरला की तो दरवाजा पुन्हा करावा लागतो. म्हणून फ्लेकचं काम आम्ही आठवड्याच्या शेवटी घेतो, आणि नंतर फक्त झाडलोट.

मोठा फ्लेक अख्ख्या गाडीवर मारायला मी सहसा तयार होत नाही. टाकीसारख्या गोल, हातात मावेल अशा वस्तूवर तो शोभतो, कारण गोलाईमुळे दर वेळी थोडेच कण पेटतात. कारचा सपाट दरवाजा उन्हात एकदम सगळाच पेटतो आणि आकार हरवतो. बोनेटवरच्या रेषा घडवायला कुणीतरी महिनोन् महिने डोकं लावलेलं असतं, त्या रेषा चमकीखाली गाडून टाकणं मला बरं वाटत नाही. ज्याला कारवर चमक हवीच असेल त्याला मी क्लिअरमध्ये चिमूटभर बारीक पर्ल द्यायचं सुचवते. सावलीत कुणाला कळत नाही, आणि दुपारी कॉलेज रोडवर सिग्नलला उभी असताना शेजारचा काच खाली करून बघतो.

हवेचं म्हणाल तर नाशिक या कामाला वर्षातले काही महिने चांगलं साथ देतं आणि काही महिने छळतं. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी धरतं, ते गनमधून उडालं की क्लिअरमध्ये फोड येतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा अंबडची शेडही गारठते आणि क्लिअर घट्ट करणारा हार्डनर काम करेनासा होतो. पत्राच थंड असतो, वरून हवा तापवून उपयोग नाही. म्हणून थंडीत दुपारी बारा ते तीन एवढंच फवारायचं.

आता छातीबद्दल लिहायचं आहे, आणि हे मी प्रत्येक शिकाऊ मुलाला सांगते. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. नाकाला जो वास येतो तो थिनरचा. आयसोसायनेट धोकादायक पातळीला जाईपर्यंत नाकाला कळत नाही. शरीराला एकदा त्याची अॅलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दम्यासारखा झटका येतो, आणि त्या माणसाला हा धंदाच सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वायू अडवत नाही. गाळणीचा मास्कही कधी संपला हे वासावरून कळत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने देणारा मास्क, पूर्ण अंगभर कपडे, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, हे असल्याशिवाय टू-के, म्हणजे हार्डनर घातलेला, क्लिअर मारायचा नाही. उस्तादांची पिढी रुमालावर वाढली. जिने चढताना ते मधल्या पायरीवर थांबतात, आणि त्यांच्याबरोबरचे दोघं-तिघं आता गन धरू शकत नाहीत. आमच्या शेडमध्ये श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर वेगळा आहे, तेलाशिवाय चालणारा. त्याची किंमत ऐकून लोक म्हणतात की एवढ्यात दोन गन आल्या असत्या. मला त्यांच्याशी वाद घालायला आवडतं.

आणखी एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, ती म्हणजे ही चमक येते कुठून. भारतातलं अभ्रक बरंचसं झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यातून आणि शेजारच्या बिहारमधून येतं. तिथे बंद पडलेल्या खाणींच्या कडेला कुटुंबंच्या कुटुंबं ढिबरा, म्हणजे अभ्रकाचा टाकाऊ चुरा, गोळा करतात, आणि त्यात लहान मुलं असतात. खाणीतले बोळ कोसळून माणसं दगावल्याच्या बातम्या आल्या, बाहेर ओरड झाली, आणि २०१७ साली मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन पॅरिसमध्ये रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह नावाची संस्था काढली. भट्टीत बनवलेलं कृत्रिम अभ्रकही मिळतं, ते जास्त स्वच्छ आणि जास्त पारदर्शक असतं, महागही असतं. जिथे मला निवड करता येते तिथे मी कृत्रिम घेते आणि गिऱ्हाइकाला कारण सांगून पैसे लावते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. पिंपळगावच्या बागाईतदारांनी तर एवढंच विचारलं, "मग आधीच का नाही सांगत सगळ्यांना?" तेव्हापासून मी आधीच सांगते.

फ्लेक हे प्लास्टिकच आहे. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणायला सुरुवात केली, ती चमकी पाण्यात जाते म्हणूनच. आमच्या शेडचं गटार शेवटी गोदावरीलाच मिळतं. घासण्याचं पाणी, गन धुतल्याचा थिनर, फरशीवरचा फ्लेक, यातलं काहीही आम्ही मोरीत सोडत नाही. पाणी ड्रममध्ये साठवून निवळू देतो, वरचं कापडातून गाळतो, खालचा गाळ वाळवून पिशवीत भरतो, आणि ओळखीच्या एका कारखान्याच्या घातक कचऱ्याबरोबर तो जातो. रामकुंडावर डोकं टेकवणाऱ्या माणसाने एवढं तरी करावं असं मला वाटतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण विचारतात सगळेच. आरसीवर रंगाची नोंद असते, मूळ रंग बदलला तर पेठ रोडच्या आरटीओत ती बदलून घ्यावी लागते. ऑलिव्ह ग्रीन फक्त सैन्याच्या वाहनांसाठी राखीव आहे, तो कितीही आवडला तरी मागू नये. आणि हेल्मेट रंगवायला आणू नका. बऱ्याच हेल्मेटचं कवच अशा प्लास्टिकचं असतं की थिनरने ते आतून ठिसूळ होऊ शकतं आणि वरून काही कळत नाही. आम्ही हेल्मेट घेत नाही.

जंबोची टाकी गेली त्याला बरेच दिवस झाले. मधे ते बागाईतदार परत आले होते. बागेत मांडवाच्या तारेखालून गाडी काढताना डाव्या बाजूला बोटभर ओरखडा गेला होता, क्लिअरच्या खाली पर्लपर्यंत. अशा रंगाला टचअप नसतो. तेवढ्याच जागी भरलं तर त्या ठिकाणी हात एक जास्त होतो, वरचा तांबडा थर दाट पडतो आणि उन्हात डाग दिसतो. अख्खी डावी बाजू, वरच्या शिवणीपर्यंत, परत काळ्यापासून करावी लागली. माझ्या वहीत त्या टाकीचं पान आहे: कुठला काळा, किती ग्रॅम पर्ल, तांबडा किती, किती हात, नोझल, हवेचा दाब, त्या दुपारचं तापमान, आणि गन कुणी धरली. त्या पानावरून उस्तादांनी बाजू मारली आणि दोन्ही बाजू उन्हात एकमेकींना मिळाल्या.

त्या दिवशी त्यांच्याबरोबर शेजारच्या बागेतला एक तरुण आला होता. त्यालाही जंबोच हवा आहे, पण पुसलेला मणी नाही. झाडावरचा, ज्याच्यावर तो पांढुरका थर शाबूत असतो, बोट लावलं की निघतो तो. हे अवघड आहे. सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचा, क्लिअर वापरला तर वरचा पृष्ठभाग खरबरीत असल्यामुळे प्रकाश पसरतो, रंगावर दुधाळ पडदा येतो, जो आम्हाला हवाच आहे, पण त्याच पडद्याखाली पर्लची चमक दबते. शिवाय सॅटिनला पॉलिश करता येत नाही, धुळीचा एक कण बसला तर तो तसाच राहतो. उस्तादांचं म्हणणं आहे की खालचा पर्ल दीडपट करावा. मला वाटतं की पर्ल तेवढाच ठेवून कण मोठा घ्यावा, म्हणजे पडद्यातूनही तो दिसेल. दोघांच्याही मताचे पत्रे प्रायमर मारून तयार आहेत. थंडी कमी झाली की फवारायचे आणि त्या तरुणाला दुपारी बारा वाजता बोलवायचं, येताना एक घड घेऊन ये म्हणून.